मोठ्या प्रेसवरच्या गायकवाडबाई

गायकवाडबाई भित्र्या होत्या, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. नगरच्या एमआयडीसीत उभा जन्म लोखंडी पत्रे दाबण्यात घालवलेल्या बाईने असं म्हणावं, याचं नव्या माणसाला हसू यायचं. मलाही आलं होतं.

मी त्या कारखान्यात लागलो तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. पुण्याकडची नोकरी गेली होती. शेवगावला घरी जाऊन तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून अर्ध्या वाटेवर नगरला थांबलो, असं मी तेव्हा मनाशी म्हणत असे. आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे आणि दुचाकींचे पत्र्याचे सुटे भाग व्हायचे. बनलेला माल तपासणं हे माझं काम. पहिल्याच दिवशी मला प्रेस शॉप दाखवायला गायकवाडबाईंना सांगण्यात आलं. त्या तिथल्या लाइनच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, बुटक्या, साडीवर निळा एप्रन घट्ट बांधलेल्या. त्यांनी मला सरळ मोठ्या प्रेसपाशी नेलं आणि म्हणाल्या, "ह्या खांबावर हात ठिवा, साहेब."

मी हात ठेवला. ऑपरेटरने दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली आणि वरचा ठोकळा खाली आला. तो धक्का माझ्या तळहातातून थेट खांद्यापर्यंत गेला.

"भीती वाटली का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आज लांबच ऱ्हावा. उद्या या."

त्यांनी मला खरोखरच जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी कंटाळून म्हणालो, "वाटते हो बाई, भीती वाटते." त्यावर त्या हसल्या वगैरे नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या आणि मला आत येऊ दिलं.

सकाळी पाळी सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी त्या यायच्या. हातातल्या बांगड्या काढून रुमालात बांधायच्या. लॉकरच्या दाराला आतून बाबासाहेबांचा फोटो होता. त्याच्याखाली तो रुमाल ठेवायच्या. मग मोठा प्रेस रिकामाच दोन-तीनदा चालवायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. तापलेल्या पोराचा श्वास ऐकावा तसं. काही वावगं वाटलं तर कुणाचंही न ऐकता मेंटेनन्सवाल्याला बोलावून आणायच्या. पाळी सुटली की बायका नळावर हात धुवायला जायच्या, तेव्हा त्या तिथे साबण घेऊन उभ्या असायच्या. साबण वाया जाऊ नये म्हणून उभ्या राहतात, असं मला बरेच महिने वाटत होतं. त्या हात बघत होत्या. प्रत्येकीची दहा बोटं नजरेखालून गेल्याशिवाय त्या घरी जात नसत.

पण या भित्र्या बाईला नगरचा अभिमान इतका होता की कधीकधी ऐकणाऱ्याला अवघडल्यासारखं व्हायचं.

तेव्हाही एमआयडीसीची अवस्था काही लपलेली नव्हती. नागापूरकडून आत आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गंजलेली फाटकं, वॉचमनच्या केबिनच्या छपरातून वर आलेली पिंपळाची रोपं, पाट्यांवरची उडालेली अक्षरं. जेवणाच्या सुट्टीत मी चक्कर मारायला निघालो की कधीकधी बाई सोबत यायच्या आणि एकेका शेडकडे बोट करून सांगायच्या, इथे पंख्यांच्या जाळ्या व्हायच्या, इथे पंपाचे भाग व्हायचे, इथल्या मोटारी परदेशात जायच्या. मी एकदा म्हणालो की आता तर सगळं बंदच पडलंय. त्यांना ते लागलं. "बंद न्हाई. थांबलंय," एवढंच म्हणाल्या आणि परत फिरल्या.

एकदा जवळच्या एका गावी आमच्या सहकाऱ्याचं लग्न होतं. आम्ही सगळे जीप करून गेलो होतो. जेवणं झाली आणि बाई कुठे दिसेनात. शोधायला गेलो तर मांडवामागे उभ्या असलेल्या नव्या ट्रॅक्टरपाशी त्या जवळजवळ आडव्या झालेल्या, लग्नातली हिरवी साडी मातीत, आणि मान खाली घालून काहीतरी बघतायत. सीटखालचा ब्रॅकेट सापडला तसं त्यांनी मला हाक मारली. "हे बघा. आपलं हाय हे." ट्रॅक्टरचा मालक आणि वऱ्हाडातले दोघे-तिघे भोवती जमले होते. त्यांच्यातला एक पुण्याकडचा पाहुणा हसत म्हणाला की नगरला आता काय उरलंय, सगळ्या कंपन्या तर तिकडे चाकणला गेल्या. बाईंनी साडी झटकली आणि शांतपणे म्हणाल्या, "ह्यांच्या ट्रॅक्टरचं शीट ज्याच्यावर टेकलंय, ते उरलंय."

परत येताना जीपमध्ये मी त्यांना विचारलं की एवढा जीव कशासाठी लावता या गावाला. त्यांनी वडिलांचं सांगितलं. वडील तिसगावचे. गावात कुणाच्याही दारी कामाला गेलं की आधी जात निघायची. मग एक दिवस ते नगरला आले आणि एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहिले. "तिथल्या मानसानं इचारलं, तुला काय येतं? आमच्या आबांना आधी कळलंच न्हाई काय सांगायचं. तसं त्यांना कुनी कधी इचारलंच नव्हतं." तो कारखानाही आता थांबलेल्यांपैकीच होता. पण त्याच्या फाटकावरून जाताना बाई अजून पदर सारखा करायच्या.

मी लागल्याच्या तिसऱ्या वर्षापासून कारखान्यात भीती पसरायला लागली. कुणी काही जाहीर करत नव्हतं. कँटीनमधली दुसरी भाजी बंद झाली. कधी नव्हे ते टेप घेऊन आलेली दोन माणसं शेडची लांबी मोजून गेली. पुण्याला हे सगळं मी एकदा पाहिलं होतं. पण बाईंचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. पत्र्याला आकार देणारा साचा, ज्याला आम्ही डाय म्हणतो, तो आमचा नसतो, गिऱ्हाईक कंपनीचा असतो. एके दिवशी दोन डाय टेम्पोत चढल्या. दुरुस्तीला चालल्यात, असं सांगण्यात आलं. बाई टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "त्या डायला काय झालेलं न्हाई, साहेब. काल मीच चालवलीय." त्या डाय परत आल्या नाहीत.

त्यानंतर बाईंचं जेवण कमी झालं. डबा उघडायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि तसाच ठेवायच्या. फाटकावर गिऱ्हाईक कंपनीची पांढरी गाडी थांबली की त्यांची मान आपोआप तिकडे वळायची.

आणि मग त्या उन्हाळ्यात एक आशा दिसली. ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकाने सांगितलं की तीन आठवडे माल ठरलेल्या दिवशी पोचवून दाखवा, नव्या मॉडेलचं सगळं काम तुम्हालाच देतो. प्लँट मॅनेजर नाईकसाहेबांनी सगळ्यांना आवारात बोलावून हे सांगितलं. हे काम मिळालं तर शंभरावर माणसांच्या चुली पुढची काही वर्षं पेटत्या राहणार होत्या. बाईंनी त्या दिवशी पूर्ण डबा खाल्ला. दोन आठवडे सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी मोठ्या प्रेसचा सेन्सर बिघडला.

हा सेन्सर म्हणजे प्रेसच्या तोंडाशी असलेला प्रकाशाचा पडदा. त्यात हात गेला की ठोकळा आपोआप थांबतो. आता तो हात नसतानाही थांबवायला लागला. दर चार-पाच ठोक्यांनी प्रेस अडायचा. नवा सेन्सर पुण्याहून यायला तीन दिवस लागणार होते. नाईकसाहेब माझ्या टेबलाशी आले. मोठ्या प्रेसची सुरक्षा तपासून रोज सकाळी एका तक्त्यावर सही करायची, ती माझी जबाबदारी होती. ते म्हणाले, "तीन दिवस सेन्सर बायपास करू, त्याच्याशिवायच प्रेस चालवू. तुम्ही फक्त सही करा." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी सही केली. पुन्हा बेकार व्हायची भीती इतकी मोठी होती की पेन उचलताना मी दुसरा विचारही केला नाही.

नाईकसाहेबांनी बाईंना सांगितलं तेव्हा त्या नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या नाहीत. मग प्रेसवरच्या मंदाला त्यांनी बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मंदा विशीतली, कंत्राटावर लागलेली, बाईंनीच शिकवलेली मुलगी. ती म्हणाली, मी करते की. बाईंनी मान हलवली. कुणाचा हात जायचाच असेल तर तो आपला जावा, असं त्यांनी ठरवलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

तासभर तो प्रेस चालला. मी काचेच्या खोलीतून बघत होतो. पत्रा आत, हात बाहेर, बटणं, ठोका. पत्रा आत, हात बाहेर. बाईंचा चेहरा घामाने निथळत होता. आजूबाजूच्या लहान प्रेसवरच्या बायका आपलं काम करत करत तिकडेच बघत होत्या. प्रत्येक ठोक्याला माझे खांदे आक्रसत होते. माल मात्र भराभर लोखंडी पेटीत पडत होता आणि नाईकसाहेब दारात उभे राहून तो मोजत होते.

अचानक बाईंनी हात मागे घेतले. काही झालं नव्हतं. त्यांनी प्रेस बंद केला, मुख्य स्विच खाली ओढला, स्वतःच्या लॉकरचं कुलूप काढून आणून त्या स्विचला लावलं आणि किल्ली मुठीत धरून माझ्या खोलीत आल्या. तक्ता टेबलावर होता.

"ही सही तुमची हाय का, साहेब?"

मी हो म्हणालो. त्या खुर्चीत बसल्या. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. मग जे सांगितलं ते मी आधी कुणाकडूनही ऐकलं नव्हतं.

पूर्वी त्या दुसऱ्या एका कारखान्यात होत्या. तोही तेव्हा बुडायला आला होता. काम वेळेत गेलं तर कारखाना वाचेल, असं तिथल्या मालकानेही सांगितलं होतं. दोन बटणं दाबायला दोन हात अडकतात आणि वेळ जातो, म्हणून बाईंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून एक बटण बांधून टाकलं होतं. म्हणजे एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं गाव, आपला कारखाना वाचावा म्हणून त्यांनी स्वतःहून केलं होतं. चौथ्या दिवशी त्या प्रेसवर सलमा नावाची मुलगी होती. तिची दोन बोटं गेली.

"ती वरडलीबी न्हाई," बाई म्हणाल्या. "नुसती माझ्याकडं बघाय लागली. मी आधी ती पट्टी सोडली, साहेब. कुनाला दिसू नये म्हनून. मग तिच्याकडं गेले."

त्यांनी एक हात सोडवून तक्ता माझ्यापुढे सरकवला.

"माल येळेत गेला. कारखाना तरीबी सा म्हैन्यांत थांबला." त्या उठल्या. "आत्ता तासभर मी हुबी हुते ना, मला लई बरं वाटत हुतं. माल पडत हुता. वाटलं, वाचलं आपलं नगर. तवा भ्याले. आता चावी मी कुनाला देनार न्हाई."

नाईकसाहेब खोलीत आले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले की बाई, हे काम गेलं तर काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाई म्हणाल्या, "व्हय, म्हाईत हाय." ते म्हणाले, मी कुलूप तोडू शकतो. बाई म्हणाल्या, तोडा, मग मी प्रेसच्या तोंडाशी उभी राहते. मी तक्ता उचलला आणि माझी सही खोडली. त्यात शौर्य काही नव्हतं. बाई खोलीत उभ्या होत्या म्हणून माझ्याकडून ते झालं. त्या तिथे नसत्या तर ती सही आजही तशीच असती.

सेन्सर गुरुवारी आला. माल दोन दिवस उशिरा गेला. नव्या मॉडेलचं काम आम्हाला मिळालं नाही. गिऱ्हाइकाने पुढच्या दोन महिन्यांत उरलेल्यातल्या निम्म्या डाय नेल्या. दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि कंत्राटी माणसं घरी बसली. त्यात मंदा होती.

माल वेळेत गेला असता तर काम मिळालंच असतं का, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण लोकांना ते सांगता येत होतं. बाई नळावर उभ्या राहिल्या की काही बायका हात न धुताच निघून जायच्या. फाटकाबाहेर एकाने त्यांना उद्देशून घाणेरडं काहीतरी बोलून दाखवलं. त्या एकट्या घरी जायला घाबरायला लागल्या. मी माझी मोटारसायकल त्यांच्या चालीने ढकलत त्यांच्या गल्लीपर्यंत जायचो. त्या नको म्हणायच्या आणि तरी माझी वाट बघत थांबायच्या.

एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी मंदा उभी होती. बाई थबकल्या. मंदा भांडायला आली नव्हती. तिने आपले दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "बाई, बोटं ऱ्हायली माझी. पन काम गेलं. आता ह्या बोटांचं मी काय करू, तेवढं सांगा."

त्या मंदाकडे बघत राहिल्या, अगदी सलमा त्यांच्याकडे बघत राहिली असेल तशा. मग मंदा निघून गेली.

त्यापुढचे कितीतरी आठवडे सुट्टीच्या दिवशी बाई मंदाला आणि तिच्याबरोबरच्या मुलींना घेऊन एकेका कारखान्याच्या फाटकावर जात होत्या. मंदा आधी यायला तयार नव्हती. बाई रोज तिच्या घरी जाऊन बसल्या. शेवटी ती आली. फाटकावरचा माणूस ओळखपत्र मागायचा, पत्ता विचारायचा, आणि बाई मध्येच म्हणायच्या, "हिला काय येतं ते इचारा आधी." मंदाला पुणे रोडवरच्या सुप्याला काम मिळालं. आणखी दोघींना मिळालं. बाकीच्यांना नाही. त्यांची नावं बाईंना पाठ होती, आणि ती घेताना त्यांचा आवाज खाली जायचा.

कारखाना थांबला नाही, पण आकसत गेला. दोन वर्षांनी मलाही सुप्याला नोकरी मिळाली. मी हे बाईंना सांगायचं आठवडाभर टाळलं. सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुपाबी नगर जिल्ह्यातच येतं," आणि मला मोकळं केलं.

माझा शेवटचा दिवस आणि मोठा प्रेस जायचा दिवस एकच निघाला. तो विकला गेला होता, कुठेतरी गुजरातकडे. क्रेन आली, बोल्ट सुटले, आणि दुपारपर्यंत तो ट्रेलरवर आडवा झाला. शेडमध्ये जिथे तो उभा असायचा तिथे तेलाने काळा झालेला चौकोन राहिला. त्याच्याकडे बघायला मला नको वाटत होतं. बाई मात्र ट्रेलरभोवती फिरत होत्या. दोर ओढून बघत होत्या, साखळीचा एक आकडा त्यांनी दोनदा बदलायला लावला. ड्रायव्हर वैतागला होता. मग त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, ट्रेलरवर चढल्या आणि प्रेसच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ठोकळ्याच्या ब्रेकचं लायनिंग लवकर झिजतं. दर आठवड्याला बघा. तिथल्या लोकांना मराठी वाचता येईल का, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, कुनाला तरी येत असंल.

ट्रेलर निघाला. मी मोटारसायकलवरून त्याच्या मागेच होतो. फाटकापासून थोड्याच अंतरावर, मनमाड रोडच्या सिग्नलला तो थांबला, तेवढ्यात माझ्या बाजूने कुणीतरी धावत पुढे गेलं. निळा एप्रन, हातात ब्रश तसाच. बाई ट्रकांच्या मधून वाट काढत ड्रायव्हरच्या खिडकीखाली पोचल्या आणि दार थापटायला लागल्या. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. धाप लागल्यामुळे त्यांना आधी बोलताच येईना.

"तिथल्या लोकांना सांग," त्या म्हणाल्या, "नगरचं मशीन हाय हे. एकाचंबी बोट घेतलं न्हाई ह्यानं. तुमीबी त्याला घेऊ द्यू नका."

ड्रायव्हरने मान हलवली. त्याला किती कळलं कुणास ठाऊक. सिग्नल सुटला आणि ट्रेलर जड आवाज करत वळला. माझ्या मागे हॉर्न वाजायला लागले, मलाही पुढे जावं लागलं. चौक ओलांडून मी मागे वळून पाहिलं. बाई रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभ्या होत्या. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते. त्या एक पाऊल खाली टाकायच्या आणि घाबरून परत वर घ्यायच्या. ब्रश धरलेला हात त्यांनी उंच केला होता, गाड्यांनी थांबावं म्हणून.

कुणी थांबत नव्हतं. हात त्यांनी खाली घेतला नव्हता.